मागून चालणारा माणूस

१ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

आज तिसऱ्यांदा तोच प्रश्न. "सोबत पुरुष कोण आहे?" सकाळी मुख्याध्यापकांनी विचारला, दुपारी गाडीवाल्या पिंटूनं आणि संध्याकाळी समोरच्या काकूंनी, तेही वाळलेले कपडे काढता काढता गॅलरीतून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. तिघांनाही मी एकच सांगितलं, कुणी नाही, आणि नसणारच. काकूंनी टॉवेल झटकला आणि आत गेल्या.

आमच्याकडे पुरुष पाठीवर सॅक टाकून जंगलात गेला की ती हौस. बाई गेली की घरी काहीतरी बिनसलंय. एकवीस वर्षं शाळेत पीटी शिकवतेय, त्याआधी विद्यापीठाकडून कबड्डी खेळले. गुडघा गेला, जीभ आहे तशीच आहे. मागच्या जानेवारीत सेमाडोहच्या अलीकडच्या, जंगलातल्या गावांमधून तीन दिवस पायी हिंडले, खिरपाणीच्या पार्बताबाईंना वाट दाखवायला घेऊन. परत आले तेव्हाच ठरवलं होतं की हे एकटीनं खायचं नाही, बायांना घेऊन यायचं.

तर नऊ जणी झाल्या. सर्वात मोठ्या पंचफुलाताई, अठ्ठावन्न, निवृत्त नर्स. सर्वात लहान आचल, बावीस, तेल्हाऱ्याची, इथं खोली करून शिकते. बावीस नोव्हेंबरला निघायचं. वनखात्याची लेखी परवानगी आहे, वाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरची, तंबू गावाला लागून. अजून काय हवं लोकांना?

६ नोव्हेंबर, गुरुवार

मैदानावर सराव. मनगट धरलं तर ओढाओढी करायची नाही, समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, पाठ न दाखवता मागं सरकायचं. बिबट्याच्या भागात खाली वाकून बसायचं नाही, लघवीलासुद्धा दोघी-दोघींनी जायचं, एकीनं उभं राहायचं. दारुडा भेटला तर वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा, सगळ्यांनी मिळून.

मग तिखटाचं प्रात्यक्षिक. बाटलीत मिरचीचं पाणी भरून नेलं होतं. "वाऱ्याची दिशा आधी बघायची," असं बोलत बोलत मी फवारा मारला आणि सगळा माझ्याच डोळ्यात. पंचफुलाताईंनी नळाखाली डोकं धरलं. बाकीच्या हसून हसून खाली बसल्या. असो, धडा कुणी विसरणार नाही.

आचल सर्वात चपळ. काठी हातात आली की पोरगी बदलते. बोलते मात्र कमी.

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री अकोल्यात परत

आज आचलला घेऊन तेल्हाऱ्याला जाऊन आले. आचलचे वडील नत्थुजी कापसाच्या वेचणीत होते, आई गोदाबाई घरी. त्यांनी चहा ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मॅडम, पोट्टी तुमच्या जिवावर धाडतो आमी. पन एखांदा मानूस पाह्यजे ना जी सोबत. जंगल हाय."

मी एरवी उठून आले असते. पण आठवडाभरात तीन जणींनी याच कारणावरून नावं मागं घेतली आहेत. आचलही गेली तर पाच उरतात आणि पाच जणींत गाडीसुद्धा परवडत नाही. म्हणून मी ललितचं नाव घेतलं.

ललितचं अमरावतीत कॅम्पिंगच्या सामानाचं दुकान आहे, तंबू आपण त्याच्याकडूनच भाड्यानं घेतोय. पस्तिशीचा, पंधरा वर्षं जंगलात फिरलेला, "ताई ताई" करत बोलणारा. परवा तोच हसून म्हणाला होता, "ताई, लोकांना पुरुष दाखवायचाय ना? मला दाखवा. एक पैसा नको." तेव्हा मी नाही म्हटलं होतं. आज तेल्हाऱ्याहून फोन केला तर तीन तासांत मोटरसायकलवर हजर.

मग गोदाबाईंनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. राखीपौर्णिमा जाऊन तीन महिने झालेत, तरी त्यांनी देवाजवळचा लाल धागा आणला, कुंकवाची चिमूट घेतली आणि आचलला ललितच्या मनगटावर बांधायला लावलं. "आता भाऊ झाला तुहा. मले घोर नाई." ललित वाकून गोदाबाईंच्या पाया पडला. आचलला ओवाळणी म्हणून पन्नासाची नोट दिली. गोदाबाईंचे डोळे भरून आले.

मला हसू येत होतं, पण दाबलं. आमच्या घरी, आजोबांच्या दीक्षेपासून, धागेदोरे नाहीत. तरी म्हटलं, एका धाग्यानं एवढ्या घरांची तोंडं बंद होत असतील तर काय वाईट आहे? नावं मागं घेतलेल्या तिघींना फोन करून हेच सांगितलं. तिघीही परत आल्या!

बाबांना मात्र पटलं नाही. ते म्हणाले, "धागा बांधून मानूस बदलत असता तं जेला रिकाम्या रायल्या असत्या." बाबांचं हे असंच. तीस वर्षं एसटी चालवली, सगळ्या जगाकडे आरशातून बघतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं! नऊ जणी गेलो, नऊ जणी आलो. एकीचाही पाय मोडला नाही, एकीलाही वाघानं विचारलं नाही. शाळेत आज मुख्याध्यापकांसमोरून मुद्दाम दोनदा गेले.

ललितचं कौतुक करावं तेवढं थोडं. शिस्तीचा माणूस. गाडीतून उतरल्याबरोबर सगळ्यांचे फोन एका पिशवीत घेतले, बॅटरी वाचावी म्हणून. पिशवी त्याच्याजवळ. तंबूबाहेर कुणी एकटीनं पडायचं नाही, आधी त्याला उठवायचं, कितीही वाजले असोत. चालताना सर्वांत मागं तो, कुणी मागं राहू नये म्हणून. पार्बताबाई पुढं.

पहिल्या दिवशी दुपारी पाण्यावर थांबलो तर पार्बताबाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तो मानूस मांगून काहून चालते?"

म्हटलं, काळजी घेतो सगळ्यांची.

"आमच्याकडं वाट ठाऊक असलेला म्होरं चालते. मांगून चालनाऱ्याले निरा बायाच दिसतेत." आणि सरपणाची दोरी सोडवायला लागल्या. मला त्यांचा थोडा रागच आला. गावाकडच्या बायांना शहरातला माणूस दिसला की संशय. मी तरी त्यांना समजावलं, की तो आचलचा भाऊ आहे, मानलेला.

संध्याकाळी चिंचबर्डीच्या शाळेमागं तंबू लावले. बाकीच्या दोन-दोन जणी, आचलचा तंबू एकटीचा, ललितनंच तसा दिला, ओळीत शेवटी, त्याच्या तंबूशेजारी. उजेड होता तेव्हाच आचल आली. "मॅडम, मी तुमच्या तंबूत झोपू काय?"

माझ्या तंबूत पंचफुलाताई. जागा काढता आली असती. पण मी म्हटलं, "आचल, भीती मोडायची असते. आज एकटी झोपलीस की जन्मात कुणाला घाबरणार नाहीस." ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

आणि खरंच, सकाळी उठून बघते तर ही बूट-जॅकेट घालून तंबूच्या तोंडाशी बसलेली, मांडीवर काठी आडवी. डोळे लाल. ललित म्हणाला, "आमची पहारेकरी!" सगळ्या हसल्या. मीही पाठ थोपटली. सरावाचं चीज झालं म्हणायचं.

३० नोव्हेंबर, रविवार

ललितनं काढलेले फोटो टाकल्यापासून फोन थांबत नाहीत. डिसेंबरच्या फेरीला चौदा नावं. अमरावतीहून माया नावाची मुलगी आलीय, एकोणीस वर्षांची, बीएच्या पहिल्या वर्षाला. तिच्या आईनं फोनवर विचारलं तेच, सोबत पुरुष कोण. मी ललितचं सांगितलं, धाग्याचंही सांगितलं. लगेच हो.

एक खटकतं. ज्या प्रश्नावर मी महिनाभर भांडले, त्याचं उत्तर आता मीच न विचारता देऊन टाकते. पण काम पुढं जायला हवं ना?

आचल सरावाला येत नाही. परीक्षा आहे म्हणते. ललित म्हणाला, "ताई, रात्री भेकर हरण ओरडलं तर ती बिबट्या समजून रडायला लागली होती. सोडा, नाजूक आहे." मला वाटलं नव्हतं असं. फोन करून झापलं तिला. म्हटलं, पहिल्याच फेरीत शेपूट घातलीस? ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

९ डिसेंबर, मंगळवार

आचल परत आली! झापल्याचा उपयोग होतो. तासभर नुसती काठी फिरवत होती, घाम गळेपर्यंत. जाताना विचारते, "मॅडम, तुम्ही समदं अनोळखी मानसाचं शिकवता. ओळखीच्या मानसानं हात धरला तं कसा सोडवायचा?"

चांगला प्रश्न. मी म्हटलं, हात हातच असतो, अंगठ्याच्या बाजूनं झटका. मग वाटलं, कॉलेजात कुणी त्रास देतंय की काय. "नाव सांग, उद्या येऊन बघते त्याला." ती म्हणाली, कुणी नाही. डिसेंबरच्या फेरीला येणार का विचारलं तर आधी मान हलवली, नाही. मग म्हणाली, "नव्या पोरी कोन कोन हायेत?" मी मायाचं आणि बाकीच्यांचं सांगितलं. "मंग येतो मी."

मैत्रीण मिळतेय म्हटल्यावर भीती गेली. वयच ते.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी बारा, चिंचबर्डीच्या शाळेचा ओटा

भयंकर राग आलाय. सकाळी आठच्या सुमारास ललित मायाला ओढ्यापलीकडे वाघाच्या पावलांचे ठसे दाखवायला घेऊन गेला. बाकीच्या तंबू आवरत होत्या. आचल मागून गेली, कुणाला न सांगता. पाच मिनिटांत ओरडा. धावले. ललित मनगट धरून खाली बसलेला, आचल काठी घेऊन उभी, माया रडतेय.

ललित म्हणाला, झुडूप हललं म्हणून ही घाबरली, अस्वल समजून काठी घातली. हाताचं हाड गेलंय बहुतेक, निळा पडलाय. पिंटूच्या गाडीतून तालुक्याला पाठवलं. जाताना बिचारा म्हणत होता, "ताई, तिला रागावू नका."

मी रागावले. सगळ्यांसमोर. म्हटलं, तुझ्यासारख्या भित्र्या मुलीला परत आणायलाच नको होतं. एक माणूस तुमच्यासाठी फुकट राबतो आणि तू त्याचा हात मोडतेस? माया आचलकडे सरकून बसली.

आता या फेरीचं काय होणार, कोण जाणे. सगळं संपलं असं वाटतंय.

तोच दिवस, दुपारी चार

वरचं खोडत नाही. राहू दे तसंच, माझ्याच अक्षरात.

मघाशी पार्बताबाई सरपणाची मोळी टाकून आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात. "मॅडम, मी ओढ्याच्या त्या बाजूले होतो. अस्वल पोरीचं तोंड दाबत नाई."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्या परत म्हणाल्या, हळू, लहान पोराला सांगावं तसं. ललितनं मायाचा हात धरला होता. माया ओढत होती. त्यानं दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं. आचलनं आधी हाक मारली, सोड म्हणाली, दोनदा. त्यानं सोडलं नाही. मग एकच काठी. "लय नेमकी मारली पोरीनं," पार्बताबाई म्हणाल्या. "अन् तुमी तिले भित्री म्हनलं."

मी आचलकडे गेले. ती आणि माया शाळेच्या हापशाजवळ बसल्या होत्या. आचलच बोलली, खाली बघत. नोव्हेंबरात पहिल्या रात्री तंबूची चेन बाहेरून उघडली. हात आत आला. ती ओरडणार तेवढ्यात तो हळूच म्हणाला, ओरड, मी सांगीन भेकराला घाबरली. तुझ्या आईनं मला भाऊ केलंय, कोण ऐकेल तुझं? ती काठी घेऊन सकाळपर्यंत बसली. फोन त्याच्या पिशवीत होते.

आणि त्याआधी, संध्याकाळीच गाडीतून सामान काढताना त्यानं दोनदा अंगाला अंग लावलं होतं. म्हणून ती माझ्या तंबूत जागा मागायला आली होती.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सांगून राहिली होती ना मॅडम. तुमी भीती मोडायले सांगतली."

मी एकवीस वर्षं मुलींना सांगतेय, ओरडा, कुणीतरी ऐकेल. ऐकायचं काम माझं होतं आणि मी ऐकलं नाही. मी तिला वाघ, अस्वल, दारुडा सगळं शिकवलं आणि ज्याला मी स्वतः बोलावून आणलं त्याच्या शेजारी झोपवलं. लोकांची तोंडं बंद करायला मी एक पुरुष आणला आणि तोंड आचलचं बंद झालं. लाज वाटते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सगळ्यांसमोर भित्री म्हटलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागितली. पंचफुलाताई रडल्या. आचल नाही रडली.

२३ डिसेंबर, मंगळवार

ललितचा फोन. आवाज अजून गोडच. "ताई, हाताला प्लास्टर आहे. मी तक्रार केली तर त्या पोरीचं आयुष्य बरबाद. तुम्हीही जबाबदार धरल्या जाल. आपण समजुतीनं घेऊ." मी म्हटलं, "तक्रार कर. पत्ता माहीत नसेल तर मी ठाण्यात घेऊन जाते, मलाही तिथंच यायचंय." फोन आपटून ठेवायची सोय आता राहिली नाही, नाहीतर तोही आपटला असता.

संध्याकाळी नत्थुजी आणि गोदाबाई आले. नत्थुजी चपला न काढता दारातच बसले. "मॅडम, हात जोडतो. गावात बोभाटा नको. पोरीचं लगन व्हाचं हाय." गोदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

बाबा खुर्चीवरून उठले, नत्थुजींच्या शेजारी दारात बसले. "नत्थुजी, कुंपनानंच वावर खाल्लं. आता कुंपन झाकून ठेवसान तं उद्या दुसऱ्याच्या वावरात लागीन थे." नत्थुजी म्हणाले, तुमचं बोलणं सोपं आहे. बाबा म्हणाले, हो, सोपं आहे, पोरगी तुमची आहे.

आचल परवापासून आमच्याकडेच होती, ती आतून आली. आई-बापाकडे न बघता म्हणाली, "मी बावीस वर्षांची हाय. मी लिवून देनार हाय. तुमी आले तं बरं वाटन."

२६ डिसेंबर, शुक्रवार

ठाण्यात सकाळी अकरापासून. माया आणि तिची आई आधीच येऊन बसल्या होत्या. पार्बताबाई पहाटेच्या गाडीनं आल्या, मजुरी बुडवून. नत्थुजी आले नाहीत. गोदाबाई आल्या, एकट्या, आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं एसटीत बसून.

बाई हवालदार होत्या, त्यांनी आचलचा जबाब आत घेतला, दीड तास. मग माझा. माझा लिहून घेणारा गृहस्थ भला होता. तंबूच्या गोष्टीपाशी आला आणि पेन थांबवलं. "मॅडम, तिनं जागा मागितली, तुम्ही नाही म्हटलं, हे कशाला? तुमचीच बदनामी. वगळू या."

मोह झाला. खोटं कशाला बोलू. क्षणभर वाटलं, खरंच वगळलं तर काय बिघडतं? पण मग आचलनं त्या संध्याकाळी मदत मागितली होती याचा पुरावाच कुठं उरतो? मी म्हटलं, लिहा. जसंच्या तसं. वाचून दाखवा. त्यानं वाचून दाखवलं. ऐकायला फार वाईट होतं. सही केली.

गोदाबाई बाहेर बाकावर होत्या. हवालदारबाई त्यांना म्हणाल्या, तुमचं काही नाही, तुम्ही जाऊ शकता. त्या उठून आत आल्या. "माह्यंही लिवा. म्याच त्याले घरात घेतला होता, म्याच पोरीच्या हातानं भाऊ केला. माह्यं नाव लिवा, गोदाबाई नत्थुजी, मुक्काम तेल्हारा."

गुन्हा दाखल झाला. ललितला संध्याकाळी दुकानातून नेलं.

४ जानेवारी, रविवार

आठवडाभर फोन. आता उलटे. जानेवारीच्या फेरीतल्या अकरा जणींनी नावं काढली. सातजणींच्या घरून एकच वाक्य, म्हटलं होतं ना आम्ही. जणू वाघानंच केलं, जणू जंगलानं केलं. मुख्याध्यापक म्हणाले, तूर्त थांबवलेलं बरं, शाळेचं नाव येतं. काकूंनी गॅलरीतून काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

उरल्या चौघी. पंचफुलाताई, माया, आचल आणि मी. पिंटू म्हणाला, चौघींसाठी गाडी नेतो, डिझेलचंच द्या.

तरी आज दुपारी मी हरले. खरंच हरले. वाटलं, मला काय अधिकार उरलाय कुणाला रानात न्यायचा? गटावर मेसेज लिहायला घेतला, दहा तारखेची फेरी काही कारणास्तव रद्द. आचल मैदानावरून आली होती, पाणी पीत होती. तिनं माझ्या हातातला फोन बघितला.

"रद्द काहून करून राह्यले मॅडम?"

म्हटलं, माझ्याकडून चूक झाली, आचल. परत तशी झाली तर?

"मले तुमचा राग हाय. अजून हाय. कवा जाईन, सांगता येत नाई." ग्लास खाली ठेवला. "पन गुन्हा त्यानं केला अन् घरी आपन बसाचं? तो जेलात बसला, आपन घरात बसाचं, मंग फरक काय राह्यला? मी तं जानार हाय. तुमी नसान येत तं पार्बताबाईले फोन करतो मी."

माफ केल्याचं ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मेसेज पुसला. नवा लिहिला, शनिवारी सकाळी सहा, बसस्थानकाचं मागचं फाटक, काठी ज्याची त्यानं आणायची. पाठवायच्या आधी आचलला वाचायला दिला. तिनं त्यात एक ओळ घातली, फोन ज्याचा त्याच्या खिशात, आणि पाठवून दिला.